आधी सडा, मग झरा: राजापूर-उन्हाळे परिसर दोन दिवसांत बघण्यासाठी

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या माणसाला राजापूर दिसतं ते अर्जुना नदीच्या पुलावरून, गाडीच्या खिडकीतून, क्षणभर. थोडे जण खाली उतरतात. उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर पाय शेकतात, "गंगा आलीय का हो?" म्हणून विचारतात (गंगा म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या कोरड्या कुंडांत मधूनच अचानक येणारं पाणी), आणि नाही म्हटलं की गाडीत बसतात. माझं आजोळ याच तालुक्यातलं, तरी मीही कितीतरी वर्षं एवढंच केलं. मे महिन्यात यायचं, आंबे-फणस खायचे, एक दिवस उन्हाळ्याला डुंबायचं आणि परत. झऱ्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर काय काय उघड्यावर पडलंय, हे फार उशिरा कळलं. ते कसं बघायचं, कुठल्या क्रमाने आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, ते इथे लिहितो. क्रमाला महत्त्व आहे, कारण तो मी दोनदा चुकवलाय.

चूक अशी, की गरम पाण्याच्या गावी आलो म्हणून सकाळी आधी अंघोळ उरकायची. गरम पाण्यातून निघालेला माणूस सैल पडतो. मग न्याहारी, मग डुलकी, आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर. त्या वेळी कातळावर कोरलेली चित्रं दिसतच नाहीत. म्हणून सकाळ सड्याला, दुपार झाडीला आणि संध्याकाळ झऱ्याला द्यायची.

हा झरा इथेच का

पालघरपासून सुरू होणारी गरम पाण्याच्या झऱ्यांची एक रांग किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे येते. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातली आरवली, तुरळ आणि राजवाडी. उन्हाळे हे या रांगेचं दक्षिण टोक. नावं बघा: उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन पाण्यावरूनच गावांची नावं पडलीत.

खाली ज्वालामुखी आहे, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. तसं नाही. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीतून आला हे खरं, पण ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आणि तो केव्हाच निवाला. पावसाचं पाणी दगडातल्या खोल भेगांमधून खाली मुरतं, जितकं खोल जाईल तितकं जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढीच गोष्ट. वाटेत खनिजं विरघळतात, म्हणून किंचित गंधकाचा वास येतो. तुरळ किंवा उन्हवऱ्याच्या मूळ झऱ्यात हात घालवत नाही. उन्हाळ्याचं पाणी मात्र थेट अंगावर घेण्यासारखं आहे.

केव्हा यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात सोपा काळ. सकाळी गारवा असतो, त्यामुळे गरम पाण्याची किंमत कळते. मे महिन्यात आंबे असतात, पण अकरानंतर सडा भाजून काढतो आणि संध्याकाळी घामेजल्या अंगाने गरम झऱ्यात उतरायची इच्छाच होत नाही.

माझं मत विचाराल तर जूनचा शेवट किंवा सप्टेंबर. हे बऱ्याच जणांना पटत नाही, कारण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि अर्जुना-कोदवली नद्या फुगल्या की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येतं. पण एरवी करपलेला जांभा या दिवसांत काय होतो ते बघायला हवं. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. हा कांदा कोकणातल्या सड्यांचाच, बाहेर सहज सापडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ओलसर कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा आणि त्यात गेंदाच्या पांढऱ्या टोप्या. कास पठारासारखी रांग नाही, तिकीट नाही. जुलैचे मधले दिवस मात्र टाळा. तेव्हा घाट आणि साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, दोन्ही भरवशाचे नसतात.

पोचणं आणि राहणं

कोकण रेल्वेचं राजापूर रोड स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवा. रात्री उतरणार असाल तर रिक्षा आधी ठरवून ठेवा. एसटी थेट शहरात आणते. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना अणुस्कुरा घाट जवळचा: घाट उतरलं की पाचल, मग ओणी, आणि तिथे महामार्ग लागतो. पावसात त्या घाटात दरड येते, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा.

राहायला राजापूर शहर बरं. उन्हाळे इथून तीनेक किलोमीटर, धोपेश्वरही साधारण तेवढंच. सड्यावर फिरायला दिवसभरासाठी रिक्षा ठरवली तर उत्तम, कारण गावातला रिक्षावाला वाट तर दाखवतोच, शिवाय कुणाच्या बागेतून जायचं नाही तेही सांगतो. भाडं बसण्याआधी ठरवा आणि थांबण्याचे पैसे त्यातच धरा.

बरोबर काय घ्यायचं: घोट्यापर्यंतचे बूट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, छोटी बॅटरी, टॉवेल आणि कपड्यांचा कोरडा जोड. बुटांचा आग्रह फुरशासाठी. रत्नागिरी जिल्हा या सापासाठी प्रसिद्ध आहे. हात-दीड हाताचं, मातकट, जांभ्यात मिसळून जाणारं. ते अंगावर धावून येत नाही, पण त्याच्यावर पाय पडला किंवा दगड उचलताना हात गेला तर डसतं. म्हणून सड्यावर दगड उलटायचे नाहीत, गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, फटीत हात घालायचा नाही, आणि संध्याकाळी बॅटरीशिवाय चालायचं नाही. चावलंच तर कापायचं-बांधायचं काही करू नका, तो हात किंवा पाय हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठा.

पहिला दिवस, सकाळ: बारसूचा सडा

सूर्योदयाला सड्यावर असायला हवं, म्हणजे राजापुरातून अंधारातच निघायचं. चहा थर्मासमध्ये घ्या, वर काही मिळणार नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. नजर पोचेल तिथवर तांबूस-काळा कातळ, मधेच करवंदीची जाळी, एखादं आसाणाचं झाड. या कातळावर माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. बारसूला मध्ये उभा माणूस आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे झेपावणारे वाघासारखे प्राणी, असं एक भलं मोठं चित्र आहे. आजूबाजूला मासे, पक्षी, आणि कशाचीच ओळख न पटणाऱ्या नक्ष्या. गुराख्यांना ती ठाऊक होतीच. पण साधारण २०१२ पासून रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव विचारत, सडे तुडवत त्यांची नोंद केली आणि मग जगाचं लक्ष गेलं. २०२२ मध्ये कोकणातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली पाच एकट्या राजापूर तालुक्यात आहेत: बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढेतळी आणि कशेळी. वय हजारो वर्षांचं. दहा हजारांच्या पुढे नेणारेही अभ्यासक आहेत.

आता उजेडाचं गणित. या रेघा जेमतेम बोटभर खोल आहेत. ऊन तिरकं असेल तर खोबणीची एक कड सावलीत जाते आणि चित्र उठून दिसतं. सूर्य वर आला की सावली संपते आणि चित्रही संपतं. पहिल्या वेळी मी दुपारी बारा वाजता त्याच चित्रावर उभा राहून "कुठंय?" असं विचारत होतो, अगदी माणसाच्या पोटावर. बरोबरच्या पोराने मला बाजूला ओढलं. तेव्हा सकाळी साडेनऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर. पावसाळ्यात आणखी एक सोय आहे: सर थांबली की खोबणीत पाणी साचतं आणि आभाळ त्यात चमकतं. तेव्हा ढगाळ दिवशीही रेघा दिसतात.

चित्राभोवती दगड रचलेले असतात, त्यांच्या बाहेरून फिरा. फोटो उठावदार यावा म्हणून खडूने रेघा भरणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, पाणीही ओतू नका. मोबाईल हात उंच करून धरलात की काम होतं, आणि बरोबर कुणी असेल तर त्याला चित्राच्या कडेला उभं करा, म्हणजे मोठेपण कळेल. आणखी एक, सडा कुणाच्या ना कुणाच्या मालकीचा असतो. गडग्यात बेडं, म्हणजे आत जायचं फाटक, दिसलं तर उघडून गेल्यावर परत लावा. गुरं आत शिरली तर शिव्या तुम्हाला नाही, तुमच्या रिक्षावाल्याला पडतील.

बारसूहून देवाचे गोठणे जवळ आहे. खाली भार्गवरामाचं, म्हणजे परशुरामाचं मंदिर, गर्द सावलीत. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी जोडलेलं हे ठिकाण, आणि इथे पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मंदिरामागची वाट सड्यावर चढते. वर एक मनुष्याकृती आहे, आणि तिच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मोबाईलमधलं होकायंत्र चालू करून चित्राभोवती हळूहळू फिरवा. मुलं बरोबर असतील तर हा खेळ अर्धा तास पुरतो. जांभ्यात लोह मुबलक असतं हे त्यांना इथेच सांगून टाका. दगड तांबडा का, हेही त्यातच येतं.

दुपार: जेवण आणि धोपेश्वर

दहा-साडेदहाला सड्यावरून उतरा. राजापुरात घावणे किंवा आंबोळी मिळाली तर घ्या, दुपारी साधी खानावळ गाठा. मासे ताजे हवेत तर पाटी लावलेल्या मेनूपेक्षा "आज काय आलंय?" हा प्रश्न उपयोगी. कुळथाची पिठी आणि भात मिळाला तर मी मासळीही सोडतो, पण ही माझी सवय.

बाजारातून जाताना एवढं लक्षात असू द्या, की हे एके काळचं बंदर. समुद्रातून खाडीने गलबतं इथवर येत. इंग्रजांची वखार होती. तिच्या माणसांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून येऊन वखारवाल्यांना कैद केलं. आता खाडी गाळाने भरली आणि गलबतांची जागा एसटीने घेतली.

उन्हाचे दोन-तीन तास धोपेश्वरला काढा. धूतपापेश्वराचं देऊळ मृडानी नदीच्या काठी, झाडीत, आणि नदी देवळाला लागूनच कातळावरून पायऱ्या पायऱ्यांनी खाली उडी घेते. पावसाळ्यात आवाजामुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हिवाळ्यात धार बारीक होते आणि बसायला जागा मिळते. सप्टेंबरपर्यंत कातळ शेवाळलेला असतो, तेव्हा धबधब्याच्या डोक्यावर जाऊन फोटो काढायचा मोह आवरा. खालून दृश्य जास्त चांगलं आहे, हे सांगूनही कुणी ऐकत नाही.

संध्याकाळ: झरा

साडेचार-पाचला उन्हाळ्याला या. महामार्गापासून आत, अर्जुनेच्या अंगाला, महालक्ष्मीच्या देवळाजवळ झरा बांधून काढलेला आहे. अंघोळीची पद्धत पाळली तर बरं वाटतं, नाही पाळली तर डोकं दुखतं, म्हणून नीट सांगतो.

भरल्या पोटी उतरू नका. दुपारचं जेवण होऊन दोन-तीन तास झालेले असावेत. आधी पेलाभर साधं पाणी प्या. पहिल्यांदा पावलं, मग गुडघे, मग कंबर असं हळूहळू अंग भिजवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाहेर या, थोडं बसा, वाटल्यास पुन्हा एकदा. एकदम उठलं की गरगरतं, विशेषतः दिवसभर चालून आल्यावर. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी फक्त पाय शेकावेत, तेही डॉक्टरांना विचारून. उघडी जखम असेल तर उतरूच नका. साबण-शाम्पू वर ठेवा. तीच जागा गावाची रोजची आहे आणि तेच पाणी पुढे वाहतं. कातडीचे आजार जातात असं लोक श्रद्धेने सांगतात. गुडघ्यांना आराम पडतो एवढं मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगू शकतो. चांदीची अंगठी आणि पैंजण मात्र काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात.

शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून आलात तर संध्याकाळी निवांतपणा मिळतो. पोरं दंगा करत असतील तर करू द्या, आपणही तेच करत होतो.

दुसरा दिवस: समुद्राकडे

आडिवऱ्याची महाकाली, तिथून कशेळी, आणि शेवटी देवघळीचा किनारा, असा क्रम लावा. राजापुरातून तासाभराचा रस्ता, वळणावळणाचा; ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं.

आडिवऱ्याला फार वेळ लागत नाही. कशेळीचा कनकादित्य मात्र सावकाश बघा. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे एक. कौलारू, लाकडी, घरासारखं. शिलाहार राजा भोजाचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा, ताम्रपट या गावचा आहे. मूर्ती घेऊन जाणारं गलबत इथल्या किनाऱ्याजवळ अडलं, नावाड्याने मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या कलावंतिणीला दृष्टान्त झाला, ही कथा देवळात कुणीही सांगेल. रथसप्तमीला उत्सव असतो. तेव्हा यायचं तर राहायची सोय आधी करा.

कशेळीच्या सड्यावरचा हत्ती चुकवू नका. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी: मासे, माकडं, पक्षी, काय काय. इतका मोठा, की त्याच्याशेजारी उभं राहिलं तर तो दिसतच नाही. उजेडाचा नियम इथेही लागू. म्हणून सकाळी लवकर निघून आधी हत्ती, मग देऊळ, किंवा दुपारी सगळं देवळात काढून चारनंतर हत्ती.

देवघळीला वरून काळ्या खडकांच्या कुशीतली वाळूची चिंचोळी पट्टी दिसते. खाली उतरायचं असेल तर ओहोटी हवी, आणि त्यासाठी मोबाईलची गरज नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यापुढे सहा तासांनी, बाराच्या सुमाराला, ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी मागे गेलेलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वात लांब हटतं, पण परत येतानाही जोरात येतं, म्हणून खडकांत रमू नका. पोहायचं तर अजिबात नाही.

किल्ले जास्त आवडत असतील, तर कशेळी सोडून नाटे गावाकडे वळा: यशवंतगड, पुढे आंबोळगड आणि त्याचा लांबलचक किनारा. गडावर तटबंदी आणि झाडोरा एवढंच आहे, पण खाडीचं तोंड छान दिसतं. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पहिल्या दिवशीचे सडे वगळून धोपेश्वर, झरा आणि कनकादित्य एवढंच ठेवा. कशेळीचा हत्ती मात्र त्यांनाही दाखवा.

आणि गंगा

उन्हाळ्याच्या टेकडीवर चौदा कुंडं आहेत. मूळ गंगा, काशीकुंड, सूर्यकुंड, चंद्रकुंड, शिवाय नद्यांच्या नावांची. एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी एकदा त्यांत अचानक पाणी येतं, तीनेक महिने राहतं आणि आल्यासारखंच जातं. अलीकडे हे वेळापत्रक विस्कटलंय, कधी लवकर येते, कधी जास्त राहते. टेकडीच्या पोटात पाणी साठत जातं आणि ठरावीक पातळी गाठली की वक्रनळीसारखं एकदम उपसलं जातं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. शेजारशेजारच्या कुंडांत पाणी कमीजास्त ऊन का लागतं, हे हात घालून बघायची गंमत वेगळीच.

गंगा नसताना टेकडी चढलात तरी कोरडी कुंडं, वड आणि शांतता आहे, वीस मिनिटं पुरतात. पण स्टेशनवर उतरल्या उतरल्या रिक्षात बसायच्या आधी तेवढं विचाराच: "दादा, गंगा आलीय का?" हो म्हणाले तर दुसऱ्या दिवसाचा समुद्र रद्द करा.